कोऱ्या कोपऱ्याचं कार्ड

ही हकीकत मी पंधराएक वर्षं टाळत आलो. कोणी विचारलं नाही असं नाही. दोन-तीन वेळा विषय अगदी दारापर्यंत आला होता. मी चहा मागवला, हवापाण्याचं बोललो आणि तो परतवून लावला. आता माझं वय झालं आहे आणि विचारणारेही फारसे उरलेले नाहीत.

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या कॉलेजातले एक तरुण प्राध्यापक घरी आले. एम.ए. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढायची आहे, तिच्यात 'संशोधन आणि लेखन : काही सूचना' असा लेख मी द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. "सर, तुमच्यासारखं बारकाईने आता कोण शिकवतं?" असंही म्हणाले. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन बसलो आणि एकाखाली एक सूचना लिहीत गेलो. पुस्तक परत करण्याआधी पान नंबर टिपून घ्या. ऐकलेलं, पाहिलेलं आणि स्वतःला वाटलेलं एकाच कागदावर लिहू नका. पहिल्या प्रकरणात देशाचा इतिहास सांगत बसू नका. नऊ सूचना झाल्या. दहावी सुचेना म्हणून वरपासून वाचत आलो, तेव्हा लक्षात आलं की नऊच्या नऊ भालेरावबाईंच्या आहेत. माझी त्यात एकही नाही.

तो लेख मी पाठवला नाही. त्याऐवजी हे लिहायला घेतलं.

सुमन भालेराव आमच्या भिवंडीच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या सहायक होत्या. ग्रंथपाल वेगळे होते. त्यांच्याकडे किल्ल्या आणि सही होती. बाईंकडे पुस्तकं देण्याघेण्याची खिडकी होती. अंगाने ठेंगण्या, चालताना डावा खांदा किंचित वर, आणि अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. पेनाने टिपणं काढणाऱ्या मुलाला त्या संदर्भाचं पुस्तक हातात देत नसत. "पेनवाल्याला घाई असते," म्हणायच्या. "पेन्सिलीने लिही, म्हणजे खोडायची लाज वाटणार नाही."

त्या मूळच्या अंबाडी गावाकडच्या. बोलायच्या अगदी स्वच्छ, पुस्तकी म्हणावं असं. पण राग आला की 'नाही'चं 'न्हाय' व्हायचं. मुलं एकमेकांना सांगायची, "आज मॅडमचं न्हाय आलंय, उद्या ये." घरचं फारसं बोलत नसत. नवरा एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, एक मुलगी, एवढंच आम्हाला माहीत.

डब्यात बहुतेक दिवस भाकरी आणि सुकट. तो डबा त्या ग्रंथालयामागच्या खोलीत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून खायच्या. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची होती, पण तिच्यावर नेहमी कोणाची तरी पिशवी असायची. बऱ्याचदा ती माझी असे. मी ती मुद्दाम ठेवली असं म्हणवत नाही. पण त्या दारात आल्या म्हणून उचलली, असंही आठवत नाही.

विद्यार्थी मात्र आमच्याकडे कमी आणि त्या खिडकीशी जास्त. प्रबंधाचं प्रकरण आम्हा प्राध्यापकांना दाखवण्याआधी ते खिडकीतून आत जायचं आणि दोन दिवसांनी पेन्सिलीच्या खुणांनी भरून बाहेर यायचं. बाईंचा सगळ्यात मोठा राग 'असे दिसून येते' या शब्दांवर होता.

काल्हेरचा एक मुलगा होता, महेश. त्याच्या घरची भाताची खाचरं जाऊन तिथे गोदामं उभी राहिली होती, आणि एम.ए.च्या प्रबंधाला त्याने गोदामांचाच विषय घेतला होता. खिडकीशी उभं राहून तो आपलं पहिलं वाक्य मोठ्याने वाचत होता : "गोदामांमुळे परिसराचा सर्वांगीण विकास झाला आहे असे दिसून येते."

"कोणाला दिसलं?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे... दिसतोच ना मॅडम. रस्ते झाले, बिल्डिंगा झाल्या."

"तुझ्या वडलांना दिसला असेल. त्यांना भाडं येतं. माल उचलणाऱ्याला विचारलंस?"

"नाही."

"मग लिही, 'माझ्या वडलांना असं वाटतं.' तेवढं तरी खरं होईल."

मागची मुलं हसली. महेश लाल झाला आणि कागद घेऊन गेला. पण त्या पोराचं मला कौतुक वाटतं, तो दोन आठवडे रोज गोदामाच्या फलाटावर जाऊन बसला. नंतर त्याने जो प्रबंध दिला त्याचं पहिलं वाक्य असं होतं : 'माझे वडील गोदामाचे मालक असल्याने हमाल सुरुवातीला माझ्याशी खोटे बोलले.' बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या एका वाक्यासाठी त्याला बोलावून शाबासकी दिली. मार्गदर्शक म्हणून मीही शेजारी उभा होतो आणि ती शाबासकी मी अर्धी घेतली.

माझ्या स्वतःच्या बाबतीतही एकदा असंच झालं. मी समाजशास्त्र शिकवायचो. एका जुन्या इंग्रजी ग्रंथातलं एक अवतरण वीसेक वर्षं वर्गात आणि लेखांत वापरत होतो, पान नंबरासकट. एके दिवशी तो ग्रंथ माझ्या टेबलावर ठेवलेला दिसला. आत एका पानात कागदाची पट्टी. अवतरण त्या पानावर होतं, मी सांगायचो त्यावर नव्हतं. शिवाय त्याच्या पुढचंच वाक्य वाचलं तर लेखकाने ते विधान स्वतःच खोडून काढलेलं. मी तो ग्रंथ कधी उघडलेलाच नव्हता, दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललं होतं. बाई याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, मलाही नाही. पट्टीसुद्धा कोरी होती. चूक दाखवायची पण माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, ही त्यांची रीत. तिचा फायदा मी पुढे किती घेतला ते येईलच.

बाईंचं स्वतःचं संशोधन चाळिशी उलटल्यावर सुरू झालं. मी त्यांचा मार्गदर्शक. विषय होता यंत्रमाग कामगारांच्या खोल्या. आमच्या गावात एकाच खोलीत दिवसपाळीचे आणि रात्रपाळीचे कामगार आळीपाळीने झोपतात. एक उठून ड्युटीवर जातो, दुसरा येऊन त्याच जागी आडवा होतो. त्या जागेवरून भांडणं कशी होतात, आजारी पडलेल्याने कुठे झोपायचं, माणूस गेला तर त्याची पेटी कोणाकडे राहते, असलं सगळं त्या टिपत होत्या.

टिपायच्या कार्डांवर. कार्डं विकतची नव्हती. सुताचे खोके येतात, त्यांत सूत गुंडाळलेल्या कोनांच्या दोन थरांमध्ये एक पातळ पुठ्ठा घालतात. तो त्या मागांवरून मागून आणायच्या आणि पोस्टकार्डाएवढा कापायच्या. कार्डाच्या पुढच्या बाजूला माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, आणि त्याला दिलेलं खोटं नाव. मागच्या बाजूला खरं नाव, गल्ली, वार. आणि उजवीकडचा वरचा कोपरा मोकळा सोडलेला.

त्या कोपऱ्याचं महत्त्व मला एका शुक्रवारी कळलं. शुक्रवारी माग बंद असतात. एरवी दिवसरात्र चालणारा खडखडाट थांबतो आणि आपला आवाज आपल्यालाच मोठा वाटायला लागतो. त्या दिवशी बाई कार्डं घेऊन खोल्यांवर जायच्या, नवीन विचारायला नव्हे, आधी लिहिलेलं वाचून दाखवायला. एकदा मीही बरोबर गेलो. लोखंडी जिना, वर एक लांबट खोली, भिंतीला खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर दोन-दोन माणसांचे कपडे. बाई सतरंजीवर बसल्या आणि एका म्हाताऱ्या कामगाराला त्याचंच बोलणं वाचून दाखवू लागल्या. मध्येच त्याने हात वर केला.

"ताई, मैंने 'डर' नहीं बोला था."

"काय बोला था चाचा?"

"आदत. आदत हो गई है, ऐसा बोला था. डर तो पहले साल था."

बाईंनी रबर काढलं, शब्द खोडला, नवा लिहिला आणि पुन्हा सगळं वाचलं. म्हातारा म्हणाला, "हाँ. अब मेरा है." तेव्हा कुठे बाईंनी कोपऱ्यात एक छोटी बरोबरची खूण केली.

उतरताना मी म्हणालो, "बाई, एवढं कोण करतं? असं केलंत तर दहा वर्षं लागतील."

"लागू देत," त्या म्हणाल्या. "सर, पदवी मिळाली नाही तरी चालेल. पण या जिन्यावर मला परत चढता आलं पाहिजे."

मग म्हणाल्या, "कोपरा कोरा असलेलं कार्ड प्रबंधात जाणार नाही. ते अजून माझं नाही, त्यांचं आहे."

म्हणजे मला ते माहीत होतं. त्यांनी मला तोंडाने सांगितलं होतं, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, भर दुपारी. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी जे म्हणालो ते याच्या विरुद्ध आहे.

कॉलेजात राष्ट्रीय चर्चासत्र ठरलं. त्याची स्मरणिका निघणार होती, आणि तिच्यात विभागप्रमुख म्हणून माझा लेख हवा होता. माझ्या बढतीचे कागद तेव्हा वर गेलेले होते आणि मी कित्येक वर्षांत काही लिहिलेलं नव्हतं. बाईंची कार्डं प्रगती अहवालासाठी माझ्या कपाटात होती, दोन खोके भरून. मी ती काढली आणि चार दिवसांत लेख लिहिला. तोपर्यंतच्या आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला लेख. बाईंचं नाव त्यात कुठेच नव्हतं. 'प्रस्तुत लेखकाने केलेल्या क्षेत्रपाहणीनुसार' असं मी लिहिलं होतं.

त्या खोक्यांमध्ये एक कार्ड इसरार नावाच्या विणकराचं होतं. त्याच्या शेडमध्ये एक कामगार उघड्या वायरीचा शॉक लागून गेला होता. भरपाई द्यावी लागू नये म्हणून शेठच्या माणसांनी तो शेडमध्ये नव्हे, राहत्या खोलीवर गेला असं दाखवलं. इसरारचे शब्द कार्डावर होते : 'उठाके रूम पे हमने ही लाया. पैर मैंने पकड़े थे. तब तक गरम थे.' कार्डाखाली बाईंनी कंसात लिहिलं होतं, 'आत्ता लिहू नका म्हणतो. मेलेल्याच्या बायकोचं काहीतरी ठरेपर्यंत थांबा म्हणतो.'

कोपरा कोरा होता.

माझ्या लेखाला त्या तीन वाक्यांनी जे वजन आलं ते बाकीच्या आठ पानांनी आलं नसतं. म्हणून मी ती घेतली. आणि कार्ड उलटून खरं नावही घेतलं. नाव असलं की विधान भरीव वाटतं, असं मीच विद्यार्थ्यांना शिकवत आलो होतो. खरं सांगायचं तर माझा हात नावापाशी थांबला होता. अर्धा मिनिट असेल. मग मी पुढचा परिच्छेद सुरू केला. आपला असला लेख कोण वाचतो, असं मनाशी म्हटल्याचं आठवतं.

स्मरणिका जाहिरातींवर निघते, हे मी विसरलो होतो. जाहिराती मागवाल्यांच्या आणि गोदामवाल्यांच्या. प्रत्येक जाहिरातदाराला एक प्रत घरपोच, पेढ्यांच्या बॉक्ससह. इसरारच्या शेठची जाहिरात मागच्या मुखपृष्ठावर होती, रंगीत. आपली जाहिरात कशी आली आहे ते बघायला त्याने अंक उघडला असणार.

गुरुवारी इसरारला मागावरून उठवलं. खोलीही शेठचीच, म्हणून तीही गेली. शुक्रवारी बाई नेहमीप्रमाणे जिना चढल्या. तिथे त्याच म्हाताऱ्याने त्यांच्यासमोर लेखाच्या पानाची झेरॉक्स ठेवली आणि एवढंच विचारलं, "ताई, ये तो आपने पढ़के नहीं सुनाया?"

हे मला त्यांनीच सांगितलं, त्याच दुपारी, माझ्या केबिनमध्ये उभं राहून. हातात ती झेरॉक्स होती. अंबाड्यात पेन्सिल नव्हती, ते मला पहिल्यांदा दिसलं.

"बसा बाई," मी म्हणालो. "जरा घाईत झालं. पुढच्या स्मरणिकेत तुमचा उल्लेख करू. ऋणनिर्देश म्हणून."

"उल्लेख न्हाय पायजे मला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माणूस कुठं हाय तो, ते सांगा."

"मला कसं माहीत असणार?"

"नाव तुम्ही छापलंत, सर."

त्यांनी झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली. त्या गेल्या.

शेठ आमच्या संस्थेच्या चार लोकांना ओळखत होता. संध्याकाळी प्राचार्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, ही माहिती आली कुठून? मी म्हणालो, लेखी देतो. घरी येऊन मी पत्र लिहिलं. पाठ आहे मला ते अजून : 'सदर लेखातील माहितीचे संकलन श्रीमती सुमन भालेराव यांनी केलेले असून, माहिती देणाऱ्यांची नावे गोपनीय ठेवण्याची जबाबदारी संकलकाची होती.' आठ पानांच्या लेखात मला त्यांचं नाव लिहायला जागा मिळाली नव्हती. ते मी पहिल्यांदा लिहिलं ते या पत्रात.

बाईंना निरोप येईपर्यंत घरी बसायला सांगितलं गेलं. चौकशी समिती पुढच्या गुरुवारी बसायची होती.

आता जे लिहितो ते आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मधल्या शनिवारी सकाळी शिपाई म्हणाला, गेटवर कोणीतरी ग्रंथालयाच्या मॅडमना विचारतोय. मी खाली गेलो. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. खांद्यावर वळकटी, पायाशी पत्र्याची पेटी. मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं.

"ताई छुट्टी पे हैं," मी म्हणालो.

"अच्छा." त्याने वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "गाड़ी का टाइम है मेरा. आप उनको बोल देंगे? बोलना, इसरार आया था. बोलना, मेरे को मालूम है उन्होंने नहीं छपवाया."

"तुमको कैसे मालूम?" हा प्रश्न माझ्या तोंडून का निघाला कोण जाणे.

"पढ़के नहीं सुनाया ना," तो म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं. "उनका होता तो पहले सुनातीं." मग खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. कोणाकडून तरी लिहून आणली होती, गावाचा पत्ता होता. "बोलना, उनकी किताब जब छपे तो एक खत डाल दें. किसी से पढ़वा लूँगा."

पेटी उचलता उचलता त्याने विचारलं, "आप भी यहीं पढ़ाते हैं, साब?"

मी म्हणालो, "हाँ."

चिठ्ठी माझ्या डायरीत गेली. बाईंना द्यायची, असं मी त्या दिवशी दुपारपर्यंत ठरवलेलं होतं. मग मनात आलं, त्या आजच्या आज त्याच्या मागे जातील, त्याला गुरुवारी समितीसमोर उभा करतील, आणि तो तिथे हेच बोलेल. चिठ्ठी डायरीतच राहिली.

समितीत तिघे होते. मी बाजूच्या खुर्चीत. बाई समोर, हात मांडीवर. माझं पत्र त्यांना वाचून दाखवलं गेलं. अध्यक्षांनी विचारलं, "तुमचं काही म्हणणं?"

बाईंनी समितीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "सर, कोपरा पाहिला होतात?"

मी म्हणालो, "कसला कोपरा?"

बाहेर माग चालू होते. बाईंच्या तोंडावर राग नव्हता. एखाद्या प्रबंधाचं पान पुन्हा पहिल्यापासून वाचावं, तशा त्या माझ्याकडे बघत होत्या.

"कोपरा म्हणजे काय, भालेरावबाई?" अध्यक्षांनी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "माझं काही म्हणणं नाही."

त्या एक वाक्य बोलल्या असत्या तर समितीला निदान शंका तरी आली असती. पण मला वाटतं, त्यांनी तिथेही पट्टी घातली आणि गप्प राहिल्या. मी पुस्तक उघडावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. मी उघडलं नाही.

त्यांना लेखी समज दिली गेली आणि महिन्याभराने पुन्हा खिडकीवर घेतलं. माझी बढती झाली. पीएच.डी.ची नोंदणी त्यांनी स्वतः रद्द केली. त्या अर्जावर मार्गदर्शक म्हणून माझी सही लागायची. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'ज्यांचे आहे त्यांची संमती नाही.' मी सही केली आणि कार्डांचे दोन्ही खोके त्यांना परत दिले.

त्यानंतर आम्ही एका इमारतीत चार वर्षं काढली. "सर, नमस्कार." "नमस्कार बाई." पुस्तक मागितलं की मिळायचं, पूर्वीइतक्याच लवकर. मुलं खिडकीशी यायचीच. फक्त कोणी कामगारांवर विषय घेतला की त्या सांगायच्या, "तो मला येत नाही. सरांकडे जा." मुलं माझ्याकडे यायची आणि मी त्यांना ऐकलेलं वेगळं, पाहिलेलं वेगळं, वाटलेलं वेगळं लिहायला शिकवायचो. त्यावरून माझं नावही झालं.

मी निवृत्त झालो. त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडल्याचं कळलं, आणि नंतर आजारी असल्याचं. महेश एकदा भेटला होता, तो म्हणाला, "सर, दोनदा ॲडमिट होत्या. जाऊन या तुम्ही. तुमची आठवण काढतात." काय आठवण काढतात, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मी गेलो ते दोन हजार सालानंतरचं दशक संपत आलं होतं तेव्हा. त्या काल्हेरला मुलीकडे राहत होत्या. रस्त्यावर ट्रकांची रांग, दोन्हीकडे गोदामांचे पत्रे, आणि मध्येच नवी सातमजली इमारत, जिच्या जिन्यात अजून सिमेंटचा वास होता. माझ्या वरच्या खिशात दोन कागद होते. एक इसरारची चिठ्ठी. दुसरा मी लिहिलेला. तो मी आधी दोन पानांचा लिहिला होता. मग एक पान झालं. घरून निघताना त्यात एकच ओळ उरली होती.

बाई खिडकीशी खाटेवर बसल्या होत्या. निम्म्या झालेल्या. केस गेले होते, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि त्या रुमालात पेन्सिल खोचलेली. मांडीवर कोणाच्या तरी प्रबंधाची पानं.

"या सर," त्या म्हणाल्या. "वाट चुकलात?"

"नाही, मुद्दाम आलो."

"बसा. ती पिशवी खाली ठेवा तिथली."

खुर्चीवर त्यांच्या मुलीची पिशवी होती. मी ती उचलून खाली ठेवली आणि बसलो.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. औषधं, मुलीची नोकरी, ट्रकांचा आवाज. मग त्यांनीच विषय काढला. उशाखालून एक कार्ड काढलं. पुठ्ठा पिवळा पडून कडा मऊ झाल्या होत्या.

"बाकी सगळी मी परत केली," त्या म्हणाल्या. "एकेका शुक्रवारी जाऊन ज्याची त्याला. काही जणांनी दार उघडलं नाही, त्यांची दाराखालून सरकवली. चाचांनी ठेवून घेतलं, म्हणाले फ्रेम करतो." त्या हसल्या आणि त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी पाण्याचा पेला धरून उभा राहिलो. "हे एकच राहिलं. हा माणूस काही सापडला न्हाय. गल्लीत कोणी म्हणतं सुरत, कोणी म्हणतं गावी गेला. गाव कुठलं ते कोणाला ठाऊक न्हाय."

'न्हाय' ऐकलं आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. राग नव्हता. थकवा होता.

"तुमच्या कानावर काही आलं का सर कधी?"

माझा हात खिशाकडे गेला होता, हे मी शपथेवर सांगतो. कागदाची कडा बोटांना लागली. चिठ्ठी दिली असती तर ती केव्हापासून माझ्याकडे होती हेही सांगावं लागलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "विचारतो कोणाला तरी."

"विचारा," त्या म्हणाल्या. "एवढं वाचून दाखवायचं राहिलंय."

त्यांनी कार्ड उशाखाली परत ठेवलं, रुमालातली पेन्सिल काढली आणि मांडीवरचं पान वर घेतलं. मी दारात चपला घालत होतो तेव्हा त्या मान खाली घालून वाचत होत्या, ओठ हलत होते, आणि पेन्सिल एका शब्दावर येऊन थांबली होती. तेवढंच शेवटचं.

दोन महिन्यांनी महेशचा फोन आला. मी अंत्यदर्शनाला गेलो नाही. इसरारच्या पत्त्यावर त्यानंतर मी पत्र टाकलं, सगळं लिहून. उत्तर आलं नाही. त्या कार्डाचं काय झालं, तेही मला माहीत नाही.

हा मजकूर बाईंच्या हाती गेला असता तर कुठेही खूण करण्याआधी त्यांनी विचारलं असतं, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला वाचून दाखवलं का? नाही दाखवलं, बाई. याही पानांचा कोपरा कोराच आहे.

माझ्या खिशातला तो दुसरा कागद अजून माझ्याजवळ आहे, घडीवर फाटत आलेला. त्यावरची एकच ओळ मी पेन्सिलीने लिहिली होती :

बाई, कोपरा मी पाहिला होता.